कळफलकाच्या नावाचा प्रश्न

कलकत्ता विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग बालीगंज येथे आहे. ज्या वृक्षाला आपण आंबा म्हणतो, त्याला तेथील बंगाली विद्यार्थी ‘आम’ म्हणतो. परंतु शास्त्रीय लेखनात दोघेही ‘मँगिफेरा इंडिका’ हेच नाव लिहितात. लिनियसने १७५३ साली रूढ केलेल्या द्विपदी नामपद्धतीचा हा लाभ होय. संगणकाच्या कळफलकाबाबत मात्र अशी शिस्त आपण अद्याप बाणवलेली नाही.

कोणती कळ दाबली असता कोणते अक्षर उमटावे, हे संगणकास एका लहानशा फाईलीवरून समजते. तिचे नाव ठेवण्याच्या चाली अनेक आहेत. लिनक्स प्रणालीत मांडणीच्या फाईलींना प्रायः देशाचे नाव देतात. भारताच्या एकाच फाईलीच्या पोटात मराठी, बंगाली, तमिळ अशा कित्येक मांडण्या नांदतात. बांगलादेशाची फाईल निराळी. त्यामुळे ‘प्रभात’ ही बंगाली मांडणी दोन फाईलींत दोन नावांनी वावरते. दुसऱ्या एका पद्धतीत प्रथम भाषेचे संक्षिप्त चिन्ह व नंतर मांडणीचे नाव येते, उदाहरणार्थ, ‘एमआर-इनस्क्रिप्ट’.

देशाला अग्रमान देण्यामागे कारण होते: कळफलक हे यंत्र देशपरत्वे विकले जाते. तथापि भाषा राजकीय सीमांत मावत नाही. बालीगंजातील मराठी कुटुंबात मुले मराठी व बंगाली दोन्ही लिहू शकतात. त्यांना भाषा निवडावयाची असते, देश नव्हे. म्हणून भाषेपासून आरंभ करणारी पद्धतीच आम्हांस अधिक ग्राह्य वाटते.

परंतु एवढ्यानेही भागत नाही. नावात आवृत्तीचा अंकही हवा. ‘ॲ’ हे अक्षर यूनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत, स्वतंत्रपणे आले. तत्पूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्राचे चिन्ह निराळे द्यावे लागे. दोन्ही रूपे डोळ्यांना बहुधा सारखीच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती भिन्न आहेत. ग्रंथसूचीत ‘ॲरिस्टॉटल’ जुन्या रीतीने नोंदलेला असेल आणि विद्यार्थ्याने तो नव्या रीतीने शोधला, तर पुस्तक कपाटात असूनही ‘नाही’ असे उत्तर मिळू शकते. मांडणी बदलली आणि फाईलीचे नाव तेच राहिले, तर हा दोष कोठून शिरला हे ग्रंथपालास कसे कळावे?

नाव सुधारल्याने जुन्या नोंदी आपोआप सुधारणार नाहीत, हे खरे. त्यासाठी सूचीने दोन्ही रूपे एकच मानली पाहिजेत. नावे बदलल्यास चालू व्यवस्था मोडते, हा आक्षेपही रास्त आहे. त्यावर उपाय वनस्पतिशास्त्रानेच दाखविला आहे. तेथे वनस्पतीचे मान्य नाव एकच असते, आणि जुनी नावे पर्यायी म्हणून नोंदून ठेवतात. कळफलकाच्या फाईलींसही हाच नियम लावावा: भाषा, मांडणी, आवृत्ती, या क्रमाने एक मान्य नाव असावे, व जुने नाव त्याकडे बोट दाखविणारे असावे.

नाव ही केवळ सोय नव्हे. ज्या वस्तूचे नाव निश्चित नाही, तिच्यातील चूक शोधणेही दुरापास्त होते.