तांबोशीच्या नावाखाली नेमका मासा कोणता?

सातारा आणि सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर असले, तरी सागरी मासळी आता तेथील शहरी आहाराचा नित्याचा भाग झाली आहे. कुंभार्ली आणि आंबा घाटांतून बर्फात ठेवलेली मासळी कराड, सातारा, सांगली, मिरजेपर्यंत येते. महामार्गावरच्या आणि शहरांतल्या भोजनालयांत 'मालवणी' थाळीला मागणी आहे. एकेकाळी या भागात समुद्र पोहोचे तो सुकट, सुके बोंबील आणि खाऱ्या बांगड्याच्या रूपाने. ताजी मासळी म्हणजे कृष्णा, कोयना आणि वारणेची. आज सुरमई, पापलेट, रावस यांच्या जोडीला 'तांबोशी' अथवा इंग्रजी खाद्यपत्रिकेतल्या भाषेत 'रेड स्नॅपर' हेही नाव रुळू लागले आहे. परंतु हे नाव ज्या माशाला दिले जाते तो मासा नेमका कोणता, हा प्रश्न ग्राहक विचारत नाही. विचारलाच तर त्याचे खात्रीलायक उत्तर देण्याची कोणतीही व्यवस्था आज बाजारात नाही.

वरकरणी हा प्रश्न खवय्यांच्या चिकित्सेचा वाटेल. वास्तविक तो ग्राहकाच्या पैशाचा, त्याच्या आरोग्याचा आणि प्रामाणिकपणे मासळी विकणाऱ्यांच्या पोटाचा आहे.

एक नाव, अनेक मासे

तांबोशी, तांबोसा, तांब अशा नावांनी कोकणात ओळखले जाणारे मासे शास्त्रीयदृष्ट्या 'लुटजानिडी' या कुळातले. या कुळात जगभरात शंभराहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांपैकी अनेक भारताच्या किनाऱ्यावर मिळतात. खाडीत आणि खारफुटीत वाढून पुढे समुद्रात जाणारा लुटजानस अर्जेंटिमॅक्युलेटस हा त्यांतला परिचित मासा. त्याचा रंग हिरवट तपकिरीपासून तांबूस लालपर्यंत बदलतो. लुटजानस जॉनी याच्या पाठीवर मोठा काळा डाग असतो आणि प्रत्येक खवल्यावर तपकिरी ठिपका. लुटजानस मलबारिकस मात्र अंगभर लाल असतो. त्याच्याशी विलक्षण साम्य असलेली दुसरी लाल प्रजाती वेगळी काढण्यासाठी जबड्याची आणि डोक्याची ठेवण बारकाईने पाहावी लागते. तेथे अभ्यासकांचीही गफलत होऊ शकते. मग घाटमाथ्यावरच्या ग्राहकाला दोष कसा द्यावा?

या कुळाबाहेरचे लाल मासेही कमी नाहीत. गुलाबी अंगावर पिवळसर रेषा असलेला राणी मासा, मोठ्या डोळ्यांचा आणि लालभडक अंगाचा खोल पाण्यातला मासा, तांबूस ठिपक्यांचा हेकरू हे सारे वेगवेगळ्या कुळांतले आहेत. त्यांची चव, काटा आणि भाव वेगवेगळा. लाल रंग हीच ओळख मानली की हे सारे मासे एकाच नावाखाली खपू शकतात. अमेरिकेत ज्याला कायद्याने 'रेड स्नॅपर' म्हणतात, तो तर मेक्सिकोच्या आखातातला लुटजानस कॅम्पेचेनस. तो आपल्या समुद्रात मिळतच नाही. म्हणजे आपल्या खाद्यपत्रिकांवरचे हे इंग्रजी नाव मुळातच उसने आहे. रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणण्यासारखाच हा प्रकार.

नदीची मासळी आणि तिची नावे

या भागातल्या लोकांना मासे ओळखता येत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची पाहणी करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली येथील नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. त्या वेळी खुद्री, कोलस, मुसल्ला ही नावे त्याने लंडनमध्ये बसून घडवली नाहीत. स्थानिक मराठी बोलीतून ती जशीच्या तशी उचलली. आज जगभरचे अभ्यासक दख्खनच्या महाशीर माशाला 'टॉर खुद्री' म्हणतात, ते त्यामुळेच. नदीकाठच्या मासेमाराला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला माशाचे नाव आणि त्याचे अंग दोन्ही ठाऊक होते. नाव चुकले तर ते तेथल्या तेथे लक्षात येत असे.

सागरी मासळीच्या बाबतीत ही साखळी तुटली. तिचे नाव घाट चढून आले, परंतु ते नाव पारखणारी नजर किनाऱ्यावरच राहिली. किनाऱ्यावरची कोळीण मासा हाताळताच त्याची जात सांगते. देशावरचा किरकोळ विक्रेता मात्र ठोक व्यापाऱ्याने सांगितलेले नाव पुढे सांगतो. तो फसवतोच असे नव्हे. कित्येकदा त्यालाही दुसरे काही ठाऊक नसते.

दरम्यान, नदीच्या मासळीचे स्वरूपही बदलले. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया जलाशयांत आणि नद्यांत असा पसरला की पश्चिम महाराष्ट्रात त्याला 'चिलापी' हे आपले नावही मिळाले. त्याची लाल रंगाची संकरित वाणे जगभर तांबोशीसारखी दिसतात म्हणून ओळखली जातात. दक्षिण अमेरिकेतून आलेला आणि पोटाकडे लालसर असलेला रूपचंद तळ्यांत वाढवला जातो. त्याचा आकार पापलेटसारखा असल्याने तो 'चायनीज पापलेट' म्हणूनही विकला जातो. बासा तर सोललेल्या पांढऱ्या तुकड्यांच्या रूपातच बहुतेकांना ठाऊक आहे. हे मासे खाण्यास वाईट नाहीत. उलट, कमी भावात प्रथिने देणारे म्हणून त्यांचे महत्त्व आहे. आक्षेप आहे तो त्यांनी महागड्या माशाचे नाव धारण करण्याला.

जगाचा अनुभव

नावांची ही अदलाबदल केवळ शंकेखोर मनाची कल्पना नाही. २००४ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी 'रेड स्नॅपर' म्हणून विकत घेतलेल्या माशांच्या जनुकांची तपासणी केली. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मासे भलतेच निघाले. पुढे 'ओशियाना' या संस्थेने २०१० ते २०१२ या काळात अमेरिकेच्या २१ राज्यांतून १२१५ नमुने गोळा केले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालानुसार ३३ टक्के नमुन्यांवरचे नाव चुकीचे होते. रेड स्नॅपर म्हणून घेतलेल्या १२० नमुन्यांपैकी खरे निघाले अवघे ७. अन्न तपासणीची सक्षम यंत्रणा आणि अधिकृत नामावली असलेल्या देशात ही अवस्था असेल, तर जेथे नावाचा फलकही नसतो तेथे काय असेल, याचा विचार केलेला बरा.

या तपासण्या शक्य झाल्या त्या जनुकीय 'बारकोड' पद्धतीमुळे. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये ती मांडली. पेशीतल्या एका ठराविक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची, ही तिची कल्पना. मासा सोललेला, तुकडे केलेला किंवा शिजवलेला असला तरी बहुधा उत्तर मिळते. आपल्याकडेही ही विद्या आहे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी भारताच्या ११५ सागरी प्रजातींचे असे बारकोड २०११ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे अडचण ज्ञानाच्या अभावाची नाही. ते बाजारापर्यंत पोहोचलेले नाही, ही खरी अडचण आहे.

आरोग्याचा प्रश्न

ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळूर परिसरात तांबोशीच्या कुळातल्या माशाची डोकी खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले. तो मासा लुटजानस बोहर होता आणि लक्षणे 'सिग्वाटेरा' या विषबाधेची होती. प्रवाळ खडकांवर वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालातले विष लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत साठत जाते. माशाला वास येत नाही, रंग बदलत नाही. शिजवल्याने वा गोठवल्याने हे विष नाहीसे होत नाही. उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या आणि थंड वस्तू चटका दिल्यासारखी भासणे ही त्याची लक्षणे.

यावरून तांबोशी खाणेच सोडावे, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. प्रवाळ खडकांशी संबंध नसलेल्या खाडीतल्या माशाला हा धोका सहसा नसतो. नेमका मुद्दा तोच आहे. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन माशांपैकी एक निर्धोक आणि दुसरा प्रसंगी घातक असू शकतो. रुग्ण सांगली-मिरजेच्या रुग्णालयात पोहोचला आणि डॉक्टरांनी 'कोणता मासा खाल्ला?' असे विचारले, तर 'लाल मासा' एवढे उत्तर पुरणार नाही.

ओळखावे कसे?

शंभर टक्के खात्री प्रयोगशाळाच देईल. तरीही मासा अखंड असेल तर ढोबळ फसवणूक टाळण्याइतकी पारख कोणालाही शिकता येते. तांबोशीच्या जबड्यात पुढे सुळ्यांसारखे ठळक दात असतात. शेपटीची कड जवळजवळ सरळ किंवा किंचित आत वळलेली असते. हेकरूची शेपटी बहुधा गोलाकार असते. तांबोशीच्या अंगावरून जाणारी बाजूची रेषा डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड असते. चिलापीची तीच रेषा मध्येच तुटून खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते. तांबोशीला मुस्कटाच्या प्रत्येक बाजूस दोन नाकपुड्या, तर चिलापीला एकच. पाठीवरच्या परातले कठीण काटे मोजले तर तांबोशीचे दहा ते बाराच्या घरात भरतात, चिलापीचे पंधराहून अधिक.

रूपचंद ओळखणे त्याहून सोपे. त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे असतात आणि शेपटीआधी पाठीवर एक लहानसा मांसल पर असतो. पोटाखाली परांची जोडी दिसली, तर तो पूर्ण वाढलेला पापलेट नव्हे. पापलेटला ती नसते.

या साऱ्या खुणा डोके, कातडी आणि परांवर आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. मासा सोलून तुकड्यांत आला की त्या संपल्या. शहरी ग्राहकाला साफ केलेली मासळी हवी असते, त्यात गैर काही नाही. पण साफसफाई आपल्यासमोर व्हावी, एवढा आग्रह धरायला हरकत कोणती?

कायदा आहे, अंमल कुठे?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५० नुसार ग्राहकाने मागितलेल्या प्रकारचे वा दर्जाचे अन्न न देणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान विक्रेत्यांसाठी ही मर्यादा २५ हजार रुपये आहे. परंतु सुट्या मासळीवर लेबल नसते, पावतीवर प्रजाती नसते. नावच लेखी नसेल तर ते खोटे होते हे सिद्ध करायचे कसे? युरोपीय संघाने २०१३ च्या नियमांन्वये मासळीचे व्यापारी नाव, शास्त्रीय नाव आणि ती कोठून पकडली याची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक केले. आपल्याकडे याची सुरुवातही झालेली नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि ५४ सागरी प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकारमान निश्चित केले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. मात्र जाती ओळखल्याच गेल्या नाहीत तर अशा नियमांना बाजारात अर्थ उरत नाही. मागुराचे उदाहरण ताजे आहे. आफ्रिकन मागुरावर केंद्राने २००० साली बंदी घातली, तरी १९ वर्षांनी, २०१९ मध्ये, राष्ट्रीय हरित लवादाला त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश द्यावे लागले. देशी मागुराच्या आडून परदेशी मागुर विकता येत होता, हेही त्यामागचे एक कारण.

काय करता येईल?

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. नगरपालिका आणि महापालिकांच्या मासळी बाजारांत प्रत्येक ओट्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: मराठी नाव, मासा समुद्राचा, जलाशयाचा की तळ्यातला, आणि ताजा की गोठवलेला. बाजाराच्या दर्शनी भागात सचित्र तक्ता लावता येईल. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयाकडे त्यासाठी लागणारे ज्ञान आहे. शिवाजी विद्यापीठ आणि सातारा, कराड, सांगलीच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांनी वर्षातून दोनदा बाजारातले नमुने तपासून निष्कर्ष जाहीर केले, तर विद्यार्थ्यांनाही त्यातून खरे शिक्षण मिळेल. अमेरिकेतील २००४ च्या अभ्यासातही विद्यार्थ्यांचा सहभाग होता. नमुने तपासण्याची एक वेळ किनारपट्टीवर १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असतानाची असावी. त्या काळात 'आजची ताजी तांबोशी' मिळत असेल, तर ती आली कोठून, हे विचारणे रास्तच आहे.

ही तपासणी विक्रेत्यांना धडा शिकवण्यासाठी मात्र नसावी. बाजारात ओट्यावर बसणाऱ्या स्त्रीला दंड करून ठोक व्यापाऱ्याला मोकळे सोडले, तर हेतूच फसेल. नाव लिहिण्याची जबाबदारी माल जेथून निघतो तेथूनच सुरू झाली पाहिजे. तसे झाले तर चिलापी चिलापी म्हणून आणि रूपचंद रूपचंद म्हणून आपापल्या भावात विकला जाईल. कोयनेच्या जलाशयात जाळे टाकणाऱ्याला आणि रत्नागिरीहून खरी तांबोशी पाठवणाऱ्याला आपापल्या मालाचे योग्य मोल मिळेल. तोवर ग्राहकाच्या हाती आहे ते एवढेच, की मासा अखंड पाहावा, त्याचे नाव विचारावे आणि तेच नाव पावतीवर लिहून मागावे.