खर्च द्यावयाचा, पण केव्हा?

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडविणारा कारखानदार उधारीवर माल देतो, पैसे थकले म्हणजे दावा लावतो, आणि पुढे वसुलीऐवजी तारखाच मोजीत बसतो. मार्च २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचे दिवाणी व फौजदारी न्यायालय मिळाले, त्यामुळे साध्या दाव्यांपुरती घोडबंदर रस्त्याने ठाण्यास जाण्याची यातायात वाचली, हे इष्टच झाले. परंतु तारीख वाया गेल्याचा भुर्दंड घराजवळ बसला म्हणून तो भुर्दंड नव्हे, असे थोडेच आहे?

व्यापाऱ्यांत अशी समजूत दृढ आहे की, खर्चाचा हिशेब निकालानंतरच व्हावयाचा. ही समजूत अर्धीच खरी आहे. सन १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३५ व्या कलमान्वये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च सोसावा, हा सामान्य नियम होय. व तो खर्च बहुधा हुकूमनाम्यातच लिहिला जातो. पण १९७६ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ३५-ब निराळे आहे. नेमल्या तारखेस करावयाचे काम जो पक्षकार करीत नाही, किंवा त्यासाठी मुदत मागून घेतो, त्याजकडून प्रतिपक्षाचा त्या दिवसाचा वाजवी खर्च देवविण्याचा अधिकार न्यायालयास आहे. आणि तो पुढच्याच तारखेस भरल्यावाचून वादीस दावा किंवा प्रतिवादीस बचाव पुढे चालविता येत नाही. न भरल्यास त्या रकमेचा वेगळा हुकूम निघतो व तो बजावताही येतो.

तीन लाख रुपये वा त्याहून अधिक रकमेच्या व्यापारी तंट्यांस २०१५ चा वाणिज्यिक न्यायालयांचा कायदा लागू आहे. खर्च कोणी द्यावा, किती द्यावा आणि केव्हा द्यावा, हे तिन्ही प्रश्न त्याने न्यायालयावर सोपविले आहेत. ‘केव्हा’ हा शब्द कायदेकर्त्यांनी उगाच घातलेला नाही. दहा वर्षांनी मिळणारा रुपया लहान दुकानदारास आज वाचवीत नाही, आणि दहा वर्षांनी द्यावयाचा रुपया लबाड ऋणकोस आज भीती घालीत नाही.

कायदा असा असता पुष्कळ ठिकाणी तहकुबीचा खर्च नाममात्र लावला जातो, किंवा निकालापर्यंत लोंबकळत ठेवला जातो. वास्तविक खर्चात कोर्ट फी व वकिलाची फीच नव्हे, तर पक्षकाराचा वेळ, प्रवास व मुक्काम हेही धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितले आहे.

कोणी म्हणेल, अशाने गरिबाचे तोंड बंद होईल. ही शंका पोकळ नाही. पण ३५-ब चा हुकूम कारणे नमूद करूनच करावा लागतो. आजारपण आणि टाळाटाळ ह्यांतील भेद न्यायाधीशास तेथेच करता येतो. शिवाय तारखेमागून तारखेने जो पिळला जातो तो बहुधा गरीबच असतो, हे विसरून कसे चालेल?

१९०८ ची संहिता परक्या सरकारने दिली, हे खरे. पण ३५-ब आपल्याच संसदेने केले आहे. तेव्हा येथे दोष इंग्रजांच्या माथी मारण्याची सोय उरलेली नाही. न्यायाधीशांनी तहकुबीच्या प्रत्येक हुकुमात रक्कम आणि तारीख स्पष्ट लिहावी. वकिलांनी ती मागण्यास संकोचू नये. आणि व्यापाऱ्यांनी प्रत्येक फेरीच्या खर्चाची टिपणे व पावत्या जपून ठेवाव्यात. मागितल्यावाचून हा हक्क पदरात पडणार नाही.