पहिले पाच

किल्ल्यांचा जुडगा थोरल्यांच्या कमरेहून धाकट्यांच्या हाती केव्हा जावा, हा प्रश्न ज्या घरात कधी पडला नाही असे घर विरळा. बास्केटबॉलच्या प्रशिक्षकापुढे हाच प्रश्न दर हंगामात उभा राहतो आणि त्याचे उत्तर त्याला हजारो प्रेक्षकांदेखत द्यावे लागते. या खेळात एका संघाचे पाचच खेळाडू एका वेळी मैदानात असतात. आरंभीच्या त्या पाचांत नाव असणे हा मान समजला जातो. उरलेल्यांनी बाकावर बसून हाकेची वाट पाहावयाची. मग होतकरू तरुण गार्डला, म्हणजे चेंडू खेळवणाऱ्या आणि दुरून नेम साधणाऱ्या खेळाडूला, त्या बाकावरून कायमचे केव्हा उठवावे?

या संदर्भात अमेरिकेतील एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. १९९६ साली लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाने दिवंगत कोबी ब्रायंट यास शाळेतून थेट व्यावसायिक खेळात आणले. तो तेव्हा अवघा १७ वर्षांचा असल्याने करारावर त्याच्या आईवडिलांनाही सह्या कराव्या लागल्या. त्याच्या जागेवर एडी जोन्स हा कसलेला गार्ड आधीच उभा होता. प्रशिक्षक डेल हॅरिस यांनी पहिल्या हंगामात कोबीला ७१ सामन्यांत खेळविले. पण आरंभीच्या पाचांत केवळ ६ वेळा घेतले. ४८ मिनिटांच्या सामन्यात त्याच्या वाट्यास सरासरी सोळा मिनिटेही येत नसत.

१२ मे १९९७ रोजी युटा जॅझविरुद्धच्या निर्णायक सामन्यात संघाचा आधारस्तंभ शकील ओनील सहा फाऊल होऊन बाहेर गेला आणि भार या पोरावर पडला. सामन्याच्या शेवटी आणि जादा वेळात मिळून त्याच्या चार फेका कड्यालाही न शिवता खाली आल्या. लेकर्सचा हंगाम तेथेच संपला. ज्यांना तो कच्चा वाटत होता, त्यांच्या हाती पुरावा आला. आम्हांस मात्र त्या चार फेकांत आणखीही काही दिसते. पहिली चुकल्यावर त्याने दुसरी टाळली नाही, तिसरी चुकल्यावर चौथी टाळली नाही.

पुढील हंगामात मौज अशी झाली की, फेब्रुवारी १९९८ मधील निवडक खेळाडूंच्या सामन्यात चाहत्यांच्या मतांनी १९ वर्षांचा कोबी पहिल्या पाचांत आला आणि जोन्स राखीव राहिला. स्वतःच्या संघात मात्र कोबी ७९ सामन्यांपैकी एकातच आरंभापासून खेळला. लोकांचा कौल डोळ्यांसमोर असूनही हॅरिस बधले नाहीत, आणि त्या वर्षी लेकर्सनी ८२ पैकी ६१ सामने जिंकले.

हॅरिस यांचे चुकले काय? आमच्या मते नाही. जोन्सच्या खेळात खोट नव्हती. बिनचूक काम करणाऱ्या माणसाला केवळ टाळ्यांसाठी उठविले, तर संघातील प्रत्येक जण मनाशी म्हणेल, उद्या पाळी माझी. शिवाय कोबीला बसवून ठेवताना हॅरिस यांनी त्याची उपासमार केली नाही. दुसऱ्या हंगामात त्याची मिनिटे सरासरी २६ झाली आणि गुण ७.६ वरून १५.४ वर गेले. मान थांबला होता. शिक्षण थांबले नव्हते. मिनिटे न वाढविता नुसते ‘धीर धर’ सांगत राहणे ही निव्वळ टाळाटाळ होय.

परंतु प्रतीक्षेलाही अंत असावा लागतो. वेतनाच्या तंट्यामुळे १९९८-९९ चा हंगाम ५० सामन्यांपुरताच झाला. त्या पन्नासही सामन्यांत कोबी आरंभापासून खेळला आणि त्याने सरासरी वीसच्या जवळपास गुण मिळविले. मार्च १९९९ मध्ये जोन्सला शार्लटच्या संघाकडे देण्यात आले. पुढे २००० ते २००२ अशी सलग तीन अजिंक्यपदे लेकर्सनी मिळविली. जोन्सच्या वाट्यास कारकिर्दीत एकही आले नाही. धाकट्याच्या बढतीचा हिशेब मांडताना हा खर्चाचा रकाना सहसा कोणी वाचत नाही. प्रशिक्षकाने तो वाचावा आणि तरीही, वेळ आली की, निर्णय घ्यावा.

ज्या वाचकांची मुले कोठल्या ना कोठल्या बाकावर बसून आहेत, त्यांना आमचे एवढेच सुचविणे आहे. ‘आमच्या मुलाला पहिल्या पाचांत कधी घेणार?’ असे विचारण्याआधी गेल्या वर्षी तो किती मिनिटे खेळला आणि यंदा किती, ते पाहावे. आकडा वाढत असेल तर निर्धास्त असावे. वाढत नसेल तर अवश्य जाऊन विचारावे. मात्र ज्याच्या जागी त्याला बसवावयाचे, तोही कोणाचा तरी मुलगा आहे, हे मनात ठेवून विचारावे.