कुलूप भाडेकरूच्या दाराला, किल्ली कोणाच्या मोबाइलमध्ये?

बेळगाव तालुक्यातील कडोली हे शेतीवर जगणारे आणि मराठी साहित्य संमेलनाची परंपरा जपणारे सीमाभागातील गाव. शेतावर निघताना दाराला कडी घालून कुलूप लावायचे आणि किल्ली शेजारच्या काकूंकडे द्यायची, ही अशा गावांतील जुनी रीत. किल्ली कोणाकडे आहे, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असते आणि ती कोणाकडे ठेवायची हे घरची माणसेच ठरवतात. याच गावातून नोकरीसाठी बेळगाव शहरात गेलेला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात आलेला तरुण पर्वरीत किंवा मडगावात भाड्याची सदनिका घेतो, तेव्हा त्याच्या हाती आता अनेकदा किल्लीऐवजी सहा आकडे पडतात. दारावर ‘स्मार्ट लॉक’ असते. मात्र त्या कुलपाचे अॅप ज्याच्या मोबाइलमध्ये आहे, तो घरमालक कधी पणजीत असतो, तर कधी लंडनला किंवा आखातात.

काही ठिकाणी याच्या उलट घडते. मालकाने दिलेल्या जुन्या कुलपाच्या आणखी किती किल्ल्या पूर्वीच्या भाडेकरूंकडे राहिल्या असतील, या शंकेने भाडेकरूच नवे कुलूप बसवू पाहतो. दोन्ही प्रसंगांत चर्चा होते ती कंपनी, किंमत आणि मजबुतीची. भाड्याच्या घरात त्याहून मोठा प्रश्न असतो तो कुलपावरील नियंत्रणाचा, आणि नेमका तोच भाडेकरारात लिहिलेला नसतो.

आधी दार पाहावे

‘डेडबोल्ट’ म्हणजे स्प्रिंग नसलेला, चौकटीत खोलवर जाणारा धातूचा अडसर. साधी लॅच पत्र्याच्या पट्टीने वा प्लास्टिकच्या कार्डाने मागे सरकवता येते, डेडबोल्ट येत नाही. त्याच्या जोडीला छोटी मोटर, बॅटरी आणि बोटाचा ठसा किंवा आकडे ओळखणारी यंत्रणा आली की त्याचे स्मार्ट कुलूप होते.

परदेशी, विशेषतः अमेरिकी बनावटीचे डेडबोल्ट दारातील सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाच्या गोल छिद्रासाठी बनवलेले असतात. आपल्याकडील सदनिकांच्या दारांत बहुधा लाकडात खोबण करून बसवलेले मॉर्टिस कुलूप, आतून लावलेली नाइट लॅच किंवा नुसता कडी-कोयंडा असतो. परदेशातील नातेवाइकाने हौसेने पाठवलेले कुलूप बसवायचे तर दाराला नवे मोठे छिद्र पाडावे लागते. ते छिद्र घर सोडताना बुजत नाही आणि अनामत रकमेवरून वाद तिथूनच सुरू होतो.

म्हणून खरेदीपूर्वी दाराची जाडी, सध्याच्या कुलपाचा प्रकार व मापे, दार आत उघडते की बाहेर आणि बाहेर जाळीचे दुसरे दार आहे का, हे पाहून घ्यावे. जाळीचे दार असल्यास बाहेर येणाऱ्या मुठीला पुरेशी जागा लागते. भाडेकरूला सोयीचे पर्याय दोन. पहिला, दाराच्या आतल्या बाजूला पृष्ठभागावर बसणारे कुलूप. त्याला छिद्रे कमी आणि लहान लागतात. दुसरा, असलेल्या कुलपाच्या आतल्या खटक्यावर किंवा किल्लीवर बसून ते फिरवणारे यंत्र. त्यात बाहेरची किल्ली पूर्वीसारखीच चालते आणि घर सोडताना यंत्र काढून नेता येते. मात्र हा दुसरा पर्याय प्रत्येक कुलपावर चालत नाही.

गोवा आणि बेळगाव या दोन्ही ठिकाणी पावसाळ्याचा विचार हवाच. लाकडी दार फुगले की अडसर चौकटीतील पट्टीच्या छिद्रात नीट शिरत नाही. हाताने दार ओढून किल्ली फिरवता येते. मोटर मात्र अडखळते, बॅटरी खाते आणि दार बंद झाले नसल्याचा इशारा देत राहते. बोटाच्या ठशावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. शेतीत, बांधकामावर किंवा कारखान्यात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात; आधारच्या यंत्रावर ठसा न उमटण्याचा अनुभव ग्रामीण भागाला नवा नाही. गावाहून आलेल्या आई-वडिलांसाठी आकड्यांची सोय आणि साधी किल्ली असलेलेच कुलूप घ्यावे.

बसवताना

काम सुरू करण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावी. मोबाइलवरील संदेशही काहीच नसण्यापेक्षा बरा. दाराची, चौकटीची आणि जुन्या कुलपाची छायाचित्रे काढावीत. जुने कुलूप स्क्रू-किल्ल्यांसह पिशवीत घालून जपून ठेवावे, कारण घर सोडताना तेच परत बसवायचे असते. नवे कुलूप बसल्यावर पहिली चाचणी दार उघडे ठेवूनच घ्यावी. अडसर किमान आठ-दहा वेळा विनाअडथळा आत-बाहेर झाल्यावरच दार लावावे. नाहीतर पहिल्याच दिवशी दार तोडण्याची वेळ येते.

वीज गेली तरी कुलूप चालते, कारण ते बॅटरीवर असते. इंटरनेट गेले तर दूरवरून उघडण्याची सोय बंद पडते, आकडे आणि ठसा चालू राहतात. बॅटरीचा इशारा मात्र गांभीर्याने घ्यावा. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचा दाब मुळात कमी असल्याने अनेक कुलपे त्यांची पातळी चुकीची दाखवतात. साध्या अल्कलाइन बॅटऱ्या बऱ्या. चवथीला गावी जाण्यापूर्वी त्या बदलाव्यात. बॅटरी संपल्यास बाहेरून तात्पुरती वीज देण्याची सोय अनेक कुलपांना असते. ती कुठे आहे, हे आधीच पाहून ठेवावे. आणि धातूची किल्ली घरातल्या कपाटात ठेवू नये. ती बाहेरच्या विश्वासू माणसाकडे हवी. कडोलीची शेजारच्या काकूंची रीत इथेही कामाला येते.

नोंद कोण पाहतो?

साध्या कुलपाला स्मरणशक्ती नसते. स्मार्ट कुलूप मात्र दार कधी उघडले, कोणाच्या आकड्यांनी उघडले, कधी बंद झाले, हे लिहून ठेवते. कुलपाचे मुख्य खाते ज्याच्याकडे आहे, त्याला ही नोंद दिसते. भाडेकरूचे आकडे बदलण्याची आणि रद्द करण्याची ताकदही त्याच्याकडेच असते.

रात्रपाळी करून पहाटे परतणाऱ्या परिचारिकेच्या किंवा एकट्या राहणाऱ्या नोकरदार तरुणीच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो? तिच्या येण्या-जाण्याची वेळ दुसऱ्या शहरातल्या माणसाच्या मोबाइलवर जमा होत राहते. त्याने कधी चौकशी केली नाही, तरी तो करू शकतो ही जाणीव पुरेशी असते. भाड्यावरून वाद झाला तर दारावर टाळे ठोकण्यासाठी मालकाला यावेही लागत नाही. बसल्या जागी आकडे रद्द केले की भाडेकरू सामानासकट रस्त्यावर नव्हे, सामानाशिवाय जिन्यात उभा राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे दारे-कुलपे नसलेल्या घरांसाठी प्रसिद्ध. तिथे २०११ च्या जानेवारीत युको बँकेने ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. तिच्या काचेच्या दाराला दूरनियंत्रकावर चालणारे, सहज न दिसणारे विद्युतचुंबकीय कुलूप बसवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. कुलूप डोळ्यांना दिसले नाही, म्हणून त्याचे नियंत्रण कोणाकडे नव्हते असे नाही. आजच्या सदनिकांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते आहे.

मालकाची बाजूही पोकळ नाही. घर परस्पर दुसऱ्याला देणे, पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देणे, नळ फुटणे, गॅसची गळती या भीती खऱ्या आहेत. गोव्यात भाडेकरूंची पोलीस पडताळणी बंधनकारक असल्याने घरात नेमके कोण राहते, याची जबाबदारी मालकावरही येते. पण भाडेकरू कोण आहे हे जाणून घेणे वेगळे आणि तो किती वाजता घरी येतो हे पाहत राहणे वेगळे.

कायदा कुठवर येतो

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ आजही मार्गदर्शक आहे. भाडेपट्ट्याने घर घेणाऱ्याला ते विनाअडथळा वापरता यावे. त्याने जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून न्याव्यात, पण घर मिळाले तशा स्थितीत परत करावे. आणि मालकाला वाजवी वेळी पाहणी करू द्यावी, असा त्याचा आशय आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पाहणीपूर्वी सूचना देण्याची अट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात चोवीस तास आधी सूचना द्यावी असे म्हटले आहे. तो प्रत्यक्षात आणणे मात्र राज्यांच्या हाती आहे. गोव्याचा भाडेविषयक मूळ कायदा १९६८ चा, कर्नाटकचा १९९९ चा. मोबाइलवरून दार उघडता येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

त्यातच अकरा महिन्यांचे करार बहुधा ‘लीव्ह अँड लायसन्स’ स्वरूपाचे असतात. त्यात राहणाऱ्याला वापराची परवानगी मिळते, भाडेपट्ट्याचे सर्व हक्क मिळत नाहीत. म्हणजे अशा करारात काय लिहिले आहे, यालाच सर्वाधिक वजन येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातून वैयक्तिक व घरगुती वापर वगळलेला आहे. एखाददुसरी सदनिका भाड्याने देणाऱ्या मालकाचे अॅप त्यात मोडते की नाही, यावर वाद होऊ शकतो.

न्यूयॉर्कमध्ये हा वाद आधीच झाला. मॅनहॅटनमधील एका इमारतीत मालकाने स्मार्ट कुलूप बसवल्यावर भाडेकरू न्यायालयात गेले आणि मे २०१९ मधील तडजोडीत त्यांना धातूच्या किल्ल्या मिळाल्या. २०२१ मध्ये त्या शहराने कायदाच केला. अशा इमारतींत भाडेकरूची संमती आवश्यक ठरली, प्रवेशाच्या नोंदी साधारणपणे नव्वद दिवसांत नष्ट करण्याचे आणि त्यांचा पाळतीसाठी वापर न करण्याचे बंधन आले.

चार ओळींचे कलम

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. भाडेकरारात चार ओळी पुरतात. कराराच्या काळात कुलपाचे मुख्य खाते भाडेकरूकडे राहील. मालकाकडे आपत्कालीन किल्ली बंद पाकिटात असेल आणि ती वापरल्यास लगेच कळवले जाईल. प्रवेशाच्या नोंदी मालक पाहणार नाही. घर सोडताना दोघांच्या समक्ष कुलूप मूळ स्थितीत आणून सर्व ठसे व आकडे पुसले जातील.

शेवटची ओळ मालकालाही तितकीच उपयोगी आहे. जुन्या भाडेकरूचा ठसा कुलपात राहिला, तर नव्या भाडेकरूचे घर उघडेच राहते. करारावर सही करण्यापूर्वी भाडे आणि अनामत यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या दाराचे अॅप कोणाच्या मोबाइलमध्ये आहे? उत्तर देताना मालक अडखळला, तर सही थोडी लांबवावी.