वीस मिनिटांचं मार्सेलिस

जळगावचा माणूस भरताचं वांगं कसं घेतो ते कधी उभं राहून बघा. आधी ढिगाकडे संशयाने पाहतो. मग एकेक उचलतो, हातावर तोलतो, देठ तपासतो, कीड नाही ना म्हणून उजेडात फिरवून बघतो आणि एवढं करून भाव ऐकला की पुन्हा ढिगात ठेवतो. वांग्याला पुरा अर्धा तास! हाच माणूस लाखांनी रुपये मोजून युरोपला जातो आणि २६०० वर्षांच्या मार्सेलिसला वीस मिनिटं देतो. त्यातलीही दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत.

आमच्या गल्लीत दर उन्हाळ्यात एक तरी कुटुंब युरोप 'करून' येतं. पाहून नव्हे, करून! मुंज करावी, सोळा सोमवार करावेत, तसा युरोप. दहा दिवस, सात देश. परवा अशाच एका आप्पांना मी विचारलं, "काय आप्पा, मार्सेलिस कसं आहे?" आप्पा म्हणाले, "काही नही रे भाऊ, तठे निस्तं पानीच पानी शे!" बंदरात पाणी निघालं म्हणून तक्रार करणारे गृहस्थ मी प्रथमच पाहिले.

माझं भांडण आप्पांशी नाही. ते आहे 'पैसे वसूल' या आपल्या राष्ट्रीय तत्त्वज्ञानाशी. गावं जितकी जास्त, तितका दर गावी खर्च कमी, हा हिशेब कापसाच्या गाठींना ठीक आहे. शहरं वजनावर मिळत नाहीत.

अहो, त्या पाण्यात काय नाही? इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दी तिथे उतरले, त्यांनी गाव वसवलं. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या झरोक्यातून उडी घेतली ती मार्सेलिसलाच. पोहत धक्का गाठला, तर फ्रेंच शिपायाने त्यांना परत इंग्रजांच्या हाती दिलं. तंटा हेगच्या लवादापुढे गेला आणि १९११ साली निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. ही उडी आपल्याला शाळेपासून पाठ. पण बस मार्सेलिसला थांबते तेव्हा आपण आइस्क्रीमच्या भावाचे रुपये करत असतो. १९१४ च्या सप्टेंबरात, पहिल्या महायुद्धात, हिंदी पलटणी याच बंदरात उतरल्या. माझार्ग भागातल्या युद्ध-दफनभूमीत हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. आमच्या गल्लीतलं कुणी तिथवर गेल्याचं ऐकिवात नाही. सहलीच्या कागदात ते छापलेलंच नसतं ना!

बरं, इतिहास नको, तर नको. जुन्या बंदराच्या धक्क्यावर सकाळी ताजे मासे विकायला येतात. खाऊ नका, पण बघा तरी! तिथे भाव पाडणारी फ्रेंच आजी आणि धुळ्याच्या पाचकंदीलला मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी आपली मावशी यांच्यात फरक फक्त भाषेचा. पण हे दिसायला सकाळी तिथे असावं लागतं, आणि असायला रात्री तिथे झोपावं लागतं.

यावर आप्पांचं म्हणणं असं, की आयुष्यात एकदाच जायचं, मग जास्तीत जास्त नको का बघायला? लग्नही माणूस एकदाच करतो. म्हणून एका मांडवात सात जणींना माळ घालत नाही. सहल कंपन्या म्हणतात, गिऱ्हाइकालाच सात देश हवेत. हे मात्र खरं आहे. दोष मागणाऱ्याचा आहे.

आणि हे सारं खानदेशाने करावं? इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले, वाड्यावाड्यांतली दप्तरं धुंडाळली आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं आहे. तो माणूस एका फाटक्या कागदापुढे किती वेळ बसला असेल! आपल्याला अख्ख्या शहरापुढे बसवत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला देश किती, हे विचारूच नका. मुक्काम किती, ते विचारा. एका गावी तीन रात्रींच्या खाली एक पैसा सोडू नका. आल्यावर गल्ली विचारणारच, "किती देश झाले?"

बेधडक सांगा, "एकच. पण पाह्यला."