गप्पी माशांची थंडी आणि गोणपाटाची ऊब

माहीममध्ये परसदार आता कितीजणांच्या वाट्याला उरले आहे? मोरीमागची चार हात जागा, गॅलरीचा कोपरा किंवा गच्चीवरचे 200 लिटरचे पिंप, हाच आपला तलाव. त्यात गप्पी मासे सोडलेले असतात ते केवळ मुलांच्या हौसेसाठी नव्हे. गप्पी डासांच्या अळ्या खातो, म्हणून महानगरपालिकेचा कीटकनाशक विभागही विहिरींत हे मासे सोडत आला आहे. डिसेंबर-जानेवारीत मासे मेले की तेच पिंप डासांचे माहेरघर होते. मग घरात हिवताप आणि वर पालिकेची नोटीस.

यावर दुकानदार विजेचा हीटर दाखवतात. 100 वॉटचा हीटर रात्रीचे 10 तास चालला की एक युनिट गेले. शिवाय ओल्या गॅलरीत, मुले वावरत असताना अशी वायर ओढणे आम्हाला तरी मान्य नाही. काहीजण संध्याकाळी पातेलेभर उकळते पाणी ओततात. हिशेब करून पाहा. 200 लिटर पाण्यात एक लिटर उकळते पाणी घातले तर तापमान अर्धा अंशही वाढत नाही. जिथे ते पडते तिथला मासा मात्र भाजतो. सगळे पाणी 5 अंशांनी तापवायचे तर 1000 किलोकॅलरी उष्णता हवी, म्हणजे रोज दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस. तीन महिन्यांत एक सिलिंडर माशांच्या नावे!

मुळात मुंबईची थंडी ती केवढी! सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले, तो नीचांक. एरवी समुद्रालगतच्या माहीमला पारा क्वचितच 15 च्या खाली जातो. तेव्हा पाणी तापवण्याची गरज नाही. दिवसा उन्हाने दिलेली ऊब रात्री निसटू द्यायची नाही, एवढेच काम आहे.

ही ऊब जाते मुख्यतः वरून. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून कोरडा मतलई वारा सुटतो आणि उघड्या पिंपातले पाणी वाफ होऊन उडते. अर्धा लिटर पाणी उडाले तर ते बाकीच्या पाण्याला दीड अंशापर्यंत गार करू शकते. घाम वाळताना अंग गार पडते, तसेच हे. म्हणून सूर्य मावळला की पिंपावर फळी किंवा जाड प्लॅस्टिक टाका. बोटभर फट ठेवा, माशांना हवा लागते. फटीतून डास शिरू नयेत म्हणून खाली मच्छरदाणीचे कापड ताणून बांधा. पिंपाभोवती कोरडे गोणपाट गुंडाळा; ओले गोणपाट उलट गारवा देते. मासळी बाजारात बर्फाच्या मासळीबरोबर थर्मोकोलच्या पेट्या येतात. जो थर्मोकोल बर्फाला बाहेरच्या उष्णतेपासून राखतो, तोच पिंपातली उष्णता आत राखतो. पेटी धुऊन तिची पाटी पिंपाखाली सरकवा, कारण फरशीही ऊब ओढते. पिंप काळे असेल आणि दुपारचे ऊन मिळेल अशा दक्षिणेच्या बाजूला असेल तर उत्तमच. फक्त रसायनाचे जुने पिंप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

काचेच्या छोट्या बरणीतले मासे आधी दगावतात. थोडे पाणी दुपारी तापते, पहाटे गार होते आणि हा चढउतारच माशाला मारतो. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो थंडी बाधल्यावर बळावणारा रोग समजावा. अशी बरणी थंडीपुरती पिंपात रिकामी करावी, पण ठिपके असलेला मासा वेगळाच ठेवावा. पहाटेच्या नळाचे पाणी थेट ओतू नका. बादलीत दिवसभर ठेवले की क्लोरिन उडतो आणि पाणीही सारखे होते. खाणे निम्म्यावर आणा. गारठ्यात माशाचे पचन मंदावते, उरलेला दाणा पाण्यात सडतो.

गावी नाशिक-निफाडकडे ज्यांचे खरेखुरे परसदार आणि हौद आहे त्यांची गोष्ट वेगळी. तिथे पारा 5 अंशांच्याही खाली उतरतो. हौद 4 फूट तरी खोल हवा आणि विहीर जवळ असेल तर पहाटे तिचे थोडे पाणी सोडावे. थंडीत विहिरीचे पाणी कोमट असते, ही फुकटची शेगडीच. पण गप्पी ओढ्यात किंवा गावतळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांना ते जड जातात.

फेब्रुवारी सरला की गोणपाट उतरवा आणि काळे पिंप सावलीत सरकवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि थंडीतून तगलेले मासे एप्रिलच्या उन्हात दगावतात.