शिकागोची गादी आणि पन्नास नगरसेवक

७ सप्टेंबर २०१० रोजी, दुर्धर व्याधीशी झगडणाऱ्या आपल्या पत्नीस शेजारी उभे करून, शिकागोचे महापौर रिचर्ड एम. डेली यांनी जेव्हा एका अगदी त्रोटक निवेदनात आपण पुढील निवडणूक लढविणार नाही असे जाहीर केले, तेव्हा १९८९ सालानंतर जन्मास येऊन तोवर मतदानास पात्र झालेल्या तेथील पिढीला, महापौर या पदापुढे डेलींखेरीज दुसरे एखादे नाव लागू शकते, ही कल्पना आयुष्यात प्रथमच करून पाहावी लागली. त्यांच्या वडिलांनी, रिचर्ड जे. डेली यांनी, १९५५ पासून १९७६ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत त्याच पदावरून शहराचा कारभार हाकला. २६ डिसेंबर २०१० ला चिरंजीव कालगणनेत तीर्थरूपांच्या पुढे गेले, आणि २०११ च्या मे महिन्यात त्यांनी कारभाराची सूत्रे खाली ठेवली. २०१० पर्यंतच्या पंचावन्न वर्षांपैकी सुमारे त्रेचाळीस वर्षे एका लोकशाही नगरीवर एकाच घराण्याची हुकमत राहावी, आणि तीही प्रत्येक वेळी रीतसर निवडणुकीच्या मार्गाने, ही गोष्ट संस्थानी राजवटी पाहिलेल्या आपल्यासारख्यांनाही विचार करावयास लावणारी आहे.

मुंबईकर वाचकांस येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्याकडे महापौर म्हणजे गळ्यातील मानाची साखळी आणि सभागृहातील अध्यक्षस्थान. वस्तुतः कारभाराची लेखणी १८८८ च्या कायद्याने आयुक्तांच्या हाती दिलेली असून, ती महापौरांच्या हाती देण्याचा जो प्रयोग १९९८ साली ‘मेयर-इन-कौन्सिल’ या नावाने झाला तो वर्षभरातच गुंडाळावा लागला. शिकागोत आयुक्त नाही. पोलीस, शाळा, विमानतळ, बगिचे, बर्फ उपसण्याच्या गाड्या हे सर्व डेलींच्या काळी अखेरीस एकाच मेजापाशी येऊन थांबत असे. आणि तरीही मौज अशी, की तेथील कायद्याची अक्षरे वाचली तर प्रबळ असायला हवे ते सभागृह, महापौर नव्हे: पन्नास वॉर्डांतून निवडून आलेले पन्नास नगरसेवक अंदाजपत्रक मंजूर करणार, नेमणुकांना संमती देणार, करारांवर मत देणार. कागदावर दुर्बळ असलेले हे पद प्रत्यक्षात सार्वभौम कसे झाले, हे ज्याला उमगले त्याला उत्तराधिकाऱ्याच्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर सापडले असे समजावे.

वडील डेली महापौर होण्यापूर्वी दोन वर्षे आधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या जिल्हा शाखेचे अध्यक्ष झाले होते, आणि महापौर झाल्यावरही त्यांनी ते अध्यक्षपद सोडले नाही; तिकिटे एका हाताने आणि सरकारी नोकऱ्या दुसऱ्या हाताने वाटता येऊ लागल्यावर सभागृहातील मतांची वेगळी चिंता करण्याचे कारण उरले नाही. पुढे न्यायाधीशपदापर्यंत चढलेले ॲबनर मिक्वा आपल्या तरुणपणाची एक हकीकत सांगत असत. १९४८ साली ते पक्षाच्या वॉर्ड कचेरीत निवडणुकीचे काम मागावयास गेले असता तेथील कारभाऱ्याने त्यांना पहिला प्रश्न विचारला तो, तुला पाठविले कोणी, हा. आणि कोणीही पाठविले नाही असे उत्तर मिळताच, ज्याला कोणी पाठविलेले नाही असा कोणी आम्हांला नको, असे सांगून त्यांची बोळवण केली. वशिल्याचे असे निर्लज्ज तत्त्वज्ञान आपल्याकडील मुरब्बी पुढाऱ्यांच्याही तोंडून सहसा निघत नाही. आपण निदान अर्ज ठेवून घेतो.

वडिलांच्या पश्चात जी बारा वर्षे गेली ती मात्र नीट पाहावयास हवीत, कारण चिरंजीवांच्या सत्तेचा पाया त्या वर्षांनीच घातला. प्रथम सभागृहाने मायकेल बिलँडिक या सौम्य गृहस्थांस गादीवर बसविले, आणि १९७९ च्या जानेवारीत आलेल्या हिमवादळाने त्यांना खाली ओढले: रस्ते दिवसेंदिवस बर्फाखाली राहिले, नागरी रेल्वेच्या गाड्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतील स्थानके वगळून धावू लागल्या, आणि दीडएक महिन्यात जेन बर्न या बाईंनी त्यांचा पराभव केला. चार वर्षांनी बर्नबाई आणि धाकटे डेली यांच्यात गोऱ्या मतदारांची फाटाफूट होऊन हॅरल्ड वॉशिंग्टन हे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले, आणि त्याबरोबर जे सभागृह एकवीस वर्षे मान डोलावण्यापलीकडे काही करीत नव्हते त्याला एकाएकी आपल्या हक्कांची आठवण झाली. एकोणतीस नगरसेवक एका बाजूस, एकवीस महापौरांच्या बाजूस. नेमणुका अडविल्या जात, ठराव फेटाळले जात, आणि हे सारे संस्थात्मक स्वातंत्र्याच्या भाषेत चालले असले तरी त्याचे मूळ वर्णद्वेषात आहे हे शहरातील शेंबड्या पोरासही कळत होते. न्यायालयाच्या हुकमाने काही वॉर्डांत पुन्हा निवडणुका होऊन १९८६ त वॉशिंग्टन यांच्या हाती सूत्रे आली, आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या २५ तारखेस, आपल्या मेजापाशी काम करीत असतानाच त्यांना हृदयविकाराने गाठले. त्यानंतर उत्तराधिकारी निवडण्यासाठी सभागृहाची जी बैठक भरली ती रात्रभर चालली. बाहेर हजारोंचा जमाव घोषणा देत होता. रिचर्ड मेल नावाचे एक नगरसेवक आपणास बोलू द्यावे म्हणून चक्क टेबलावर चढून उभे राहिले. आणि पहाटेच्या सुमारास युजीन सॉयर यांची निवड झाली. ते मेल २०१३ पर्यंत सभागृहात होते, मात्र त्या रात्रीनंतर टेबलावर चढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

या तमाशाला विटलेल्या शहराने १९८९ साली धाकट्या डेलींच्या गळ्यात माळ घातली. सभागृहाच्या प्रतिकाराचे जे एकमेव रूप लोकांनी पाहिले होते ते इतके ओंगळ होते, की प्रतिकाराचा अभाव हाच त्यांना सुराज्याचा पुरावा वाटू लागला. डेलींनी या थकव्याचा उपयोग फार कौशल्याने केला. एखाद्या नगरसेवकाची जागा रिकामी झाली की उरलेल्या मुदतीसाठी माणूस नेमण्याचा अधिकार महापौरांचा. तो त्यांनी इतक्या वेळा वापरला की सभागृहातील अनेकांच्या राजकीय आयुष्याची पहिली सनद महापौरांच्याच सहीची होती. आणि त्या शांततेत त्यांनी कामे केली, हे कृतघ्न माणसाशिवाय कोणी नाकारणार नाही: १९९५ साली शाळांचा ताबा घेतला, विटक्या रेल्वे-यार्डावर मिलेनियम पार्क उभे केले, उंच आणि भयाण सरकारी चाळी पाडल्या, रस्त्यांच्या मधोमध फुलांचे ताटवे लावले. शेजारचे डिट्रॉइट ओस पडत असता शिकागोचा मध्यभाग गजबजलेला राहिला, याचे श्रेय पुष्कळसे त्यांचे आहे. दुसऱ्या पारड्यात टाकावयाच्या गोष्टीही आहेत: महापौरांच्या कचेरीतील एका वजनदार अधिकाऱ्यास नोकरभरतीच्या मुलाखती बनावट केल्याबद्दल २००६ त दोषी ठरविण्यात आले, आणि कोठडीतील छळाविषयी शपथेवर खोटे सांगितल्याबद्दल जॉन बर्ज हा जो माजी पोलीस अधिकारी २०१० च्या जूनमध्ये अपराधी ठरला, त्याच्या हाताखालच्या छळाच्या तक्रारी चालू असता त्यांतील आठ वर्षे जिल्ह्याचे मुख्य सरकारी वकील खुद्द डेलीच होते.

परंतु त्यांच्या राजवटीचा स्वभाव ज्यात निखळ दिसतो असे दोन प्रसंग आम्ही निवडू. पहिला २००३ सालचा. सरोवराच्या काठी मेग्ज फील्ड नावाचा एक लहानसा विमानतळ होता. तेथे उद्यान करावे असे महापौरांच्या मनात फार दिवसांपासून होते. मार्चअखेरीस एका मध्यरात्री पोलीस बंदोबस्तात बुलडोझर धाडून त्यांनी धावपट्टीवर प्रचंड फुल्या खोदविल्या. सकाळी तेथे उभी असलेली विमाने अडकून पडली, आणि मग सुरक्षिततेचे कारण पुढे करण्यात आले. सभागृहास विचारले नव्हते, केंद्रीय विमान खात्यास कळविले नव्हते. आज तेथे हिरवळ आहे, आणि ती सुंदर आहे असे म्हणणारे बहुसंख्य आहेत. पेशवाईतील एखाद्या सरदाराने मध्यरात्री शत्रूची गढी पाडावी अशी ही तडफ तेथील लोकांना आवडली हेच अधिक चिंताजनक होय.

दुसरा प्रसंग इजाऱ्याचा. २००८ च्या डिसेंबरात शहरातील सुमारे छत्तीस हजार पार्किंग मीटरांचे उत्पन्न पंचाहत्तर वर्षांच्या मुदतीने, सुमारे १ अब्ज १५ कोटी डॉलर रोख घेऊन, मॉर्गन स्टॅनली या पेढीने उभ्या केलेल्या कंपनीस मक्त्याने देण्याचा प्रस्ताव महापौरांनी मांडला. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून दोन दिवसांत तो मंजूर झाला, चाळीस विरुद्ध पाच मतांनी. पंचाहत्तर वर्षे म्हणजे तेव्हा मत देणाऱ्यांच्या नातवंडांचे म्हातारपण. त्याचा करारनामा वाचण्यास अठ्ठेचाळीस तास पुरेसे आहेत असे चाळीस प्रौढ माणसांनी मानले. मक्तेदाराने ताबा घेताच दर चढले: गल्लीबोळांत जेथे तासाला पाव डॉलर पडत होता तेथे डॉलर पडू लागला, आणि मध्यवस्तीत दोन तास गाडी उभी करायची तर नाण्यांनी मीटर भरताना पाव डॉलरची अठ्ठावीस नाणी एकामागून एक त्या फटीत घालावी लागू लागली. कित्येक यंत्रे नाण्यांनी तुंबून बंद पडली आणि लोक संतापाने त्यांच्यावर लाथा झाडू लागले. पुढच्या जूनमध्ये शहराच्याच महानिरीक्षकांनी हिशेब मांडून दाखविला, की हा ऐवज त्याच्या वाजवी किमतीपेक्षा सुमारे ९७ कोटी डॉलर कमी घेऊन दिला गेला. एखाद्या रस्त्यावर जत्रेसाठी वा दुरुस्तीसाठी गाड्या बंद केल्या तर बुडालेल्या उत्पन्नाची भरपाईही शहरानेच मक्तेदारास द्यावयाची आहे. आणि ज्या रकमेसाठी हे सर्व केले ती दोन वर्षांच्या आत तूट भरण्यात जवळजवळ संपली; २०१० त मांडलेल्या अंदाजपत्रकातील खड्डा ६५ कोटी डॉलरांच्या घरात होता. २००९ साली कोपनहेगन येथे, अध्यक्ष ओबामा जातीने हजर असतानाही, ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी शिकागो पहिल्याच फेरीत बाद झाले, त्यामुळे खजिना भरण्याची ती आशाही गेली. नव्या महापौरास गादी मिळणार होती. गादीच्या उत्पन्नापैकी काही हिस्सा आधीच गहाण पडलेला मिळणार होता.

आता २०११ च्या निवडणुकीच्या उमेदवारांकडे वळू. राम इमॅन्युएल हे, २०१० च्या नोव्हेंबरात अध्यक्ष मुंबईस येऊन गेले त्याच्या महिनाभर आधीपर्यंत, व्हाइट हाउसचे मुख्य कारभारी होते. १९८९ साली डेलींच्या पहिल्या निवडणुकीसाठी निधी गोळा करणारे तरुण तेच. गेरी चिको हे डेलींचे एकेकाळचे कार्यालयप्रमुख, नंतर त्यांनीच नेमलेले शाळा मंडळाचे अध्यक्ष. मिगेल डेल व्हाये हे तेव्हा शहराचे चिटणीस; त्या जागी त्यांना प्रथम बसविले डेलींनी. या त्रयीच्या बाहेरची माणसे म्हणजे १९९१ त डेलींशी लढून हरलेले खासदार डॅनी डेव्हिस, धर्मोपदेशक व राज्य सिनेटर जेम्स मीक्स, आणि माजी सिनेटर कॅरल मोझली ब्रॉन. या तिघांपैकी दोघांनी माघार घेतली नाही तर कृष्णवर्णीयांची मते वाटली जाऊन १९८३ ची पुनरावृत्ती उलट्या दिशेने होणार होती. शेरीफ टॉम डार्ट यांच्यावर पुष्कळांची भिस्त होती. लहान मुलांचे कारण सांगून ते बाजूस झाले. इमॅन्युएल यांनी वॉशिंग्टनला जाताना आपले घर भाड्याने दिले, त्यामुळे ते कायद्याने शिकागोचे रहिवासी उरले की नाही, असा वाद उपस्थित झाला. भाडेकरू घर सोडावयास तयार नाही म्हणून ज्याचे महापौरपद अडावे अशा माणसाविषयी कोणाही मुंबईकरास सहानुभूतीच वाटेल. आमचा अंदाज असा होता, की न्यायालय त्यांना अडविणार नाही, आणि पैसा, ओळखी व अध्यक्षांची कृपा यांच्या बळावर ते २२ फेब्रुवारी २०११ रोजी निर्णायक बहुमत मिळवितील, नाही तर ५ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत निवडून येतील.

मात्र तेथील वृत्तपत्रे ज्या उत्साहाने महापौर कोण, याची भाकिते करीत होती त्याच्या दशांशानेही सभागृहात कोण बसणार याची चर्चा करीत नव्हती, हे आम्हांस खटकले. इमॅन्युएल यांचा स्वभाव सौम्य नाही, हे त्यांचे मित्रही सांगतात. खजिना रिकामा, निवृत्तिवेतनाचे देणे डोक्यावर, आणि हाताशी मान डोलावण्याची सवय जडलेले सभागृह, अशा स्थितीत कोणताही धडाडीचा माणूस आणखी एखादा ऐवज अठ्ठेचाळीस तासांत विकून मोकळा होईल. त्याला थांबविण्यासाठी नवा कायदा नको. अधिकार पूर्वीपासून आहेतच. हवी आहेत ती सव्वीस माणसे, जी वर्णासाठी किंवा हेव्यासाठी नव्हे, तर करारनामा वाचून ‘नाही’ म्हणतील. पंचवीस वर्षांत एकोणतिसांचा दुराग्रह आणि चाळिसांची आज्ञाधारकता ही दोन टोके शहराने पाहिली. मधली वाट तोवर त्याने चालून पाहिलेली नव्हती.

२००८ च्या त्या डिसेंबरात मीटरच्या ठरावास विरोधी मत देणाऱ्या पाचांत टोनी प्रेकविंकल नावाच्या एक नगरसेविका होत्या. अशा माणसांचे राजकारण संपते असा तेथील जाणत्यांचा सिद्धांत. त्या बाई २ नोव्हेंबर २०१० रोजी संबंध कुक जिल्ह्याच्या मंडळाच्या अध्यक्षा म्हणून मोठ्या बहुमताने निवडून आल्या. काही जुने नगरसेवक त्या खेपेस उभे राहावयाचे नव्हते, पुष्कळ वॉर्डांत नवखे उमेदवार अर्ज भरून बसले होते, आणि २२ फेब्रुवारीच्या मतपत्रिकेवर महापौरांबरोबरच त्यांचीही नावे असणार होती. आपल्या वॉर्डाच्या उमेदवाराला, मीटरच्या ठरावावर तू कोणत्या बाजूने हात वर केला असतास, एवढे विचारण्यास मतदाराला तेव्हा अजून तीन महिने होते.